राणी रंगाचं अपील

आमच्या गल्लीत लग्नसराई जवळ आली की नाही हे पंचांगात बघावं लागत नसे, गटारात डोकावलं की पुरे. पाणी हिरवं वाहायला लागलं की कुणाच्या तरी पोरीला चुडा भरायची वेळ आली असं समजायचं. काळं झालं की संक्रांत. आणि झगझगीत राणी रंग आला, की खुशाल ओळखावं, आज आमच्या आप्पांनी स्वतः भट्टीवर हात घातलाय. वडगावातलं आमचं घर म्हणजे पुढं साड्या विणायचे माग, मधे माणसं आणि मागच्या परड्यात सूत रंगवायची भट्टी. आप्पांच्या राणी रंगाचं नाव शहापूरपर्यंत होतं. त्या रंगाची साडी धुऊन धुऊन विरते, पण रंग हटत नाही, असं बायका म्हणत. आप्पांची नखंसुद्धा बारा महिने त्याच रंगाची असत, आणि पाहुण्यांसमोर ते हात मुद्दाम पुढं करून बसत.

माग दिवसभर खटाक्-खट चालायचे, त्यामुळं घरातली सगळी माणसं ओरडूनच बोलायची. ‘आमटी वाढ’ हे आमच्याकडं आग लागल्यासारखं सांगितलं जाई. पुढं कोर्टात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो म्हणून लोक कौतुक करायचे. ते श्रेय माझ्या अभ्यासाचं नाही, मागांचं. आई मात्र कधी ओरडली नाही. ती रहाटावर सुताच्या कांड्या भरत बसायची आणि इतक्या हळू बोलायची, की सगळ्यांना गप्प होऊन ऐकावं लागे.

परड्याच्या कुंपणापलीकडं गंगक्का. ती कन्नड, आम्ही मराठी, आणि कुंपणाला एक भगदाड होतं, त्यातून भाषा, भाज्या आणि मी, तिघंही ये-जा करायचो. तिला मूलबाळ नव्हतं. माझं निम्मं पोट तिच्याकडं भरायचं. तिची भरली वांगी, शेंगांची चटणी, आणि तिच्या मळ्यातल्या बासमतीचा भात. तो शिजायला लागला की वास भिंत ओलांडून यायचा आणि आमच्या घरची भाकरी मला एकदम गरीब वाटायला लागायची. गंगक्काच्या परड्यात एक आड होता, उथळच. तांबड्या मातीतला. आमचं गटार त्या आडापासून चार पावलांवरनं जायचं. कधीतरी तिचा भात गुलाबी व्हायला लागला.

मला तो फार आवडायचा. साखरभाताचा धाकटा भाऊ असावा तसा दिसे. गंगक्का ताट पुढं ठेवताना म्हणायची, “शक्कू, तुझ्या आप्पाला सांग की गं. आडात रंग उतरायलाय. आडाचं नीरु तोंडात घालवत न्हाय.” मी घास घेत म्हणायची, “सांगतो की. परीक्षा होऊ दे.” आणि हात धुऊन, वह्या छातीशी धरून, त्याच गटारावरून टुणकन उडी मारून मी जगातल्या नद्या वाचवायला लॉ कॉलेजात जायची.

हसू नका. मी खरंच नद्या वाचवत होते. आमच्या कॉलेजात हुक्केरी सर नावाचे एक प्राध्यापक होते, उंच, किडकिडीत, कोटाच्या खिशात कायम खडूचा चुरा. ते शनिवारी दुपारी एक वर्ग घ्यायचे. तो अभ्यासक्रमात नव्हता, त्याला हजेरी नव्हती, आणि तरी बाकं भरायची. बाकीचे सगळे आम्हाला बांध, वाटणी आणि घटस्फोट शिकवत. सर फळ्यावर जगाचा नकाशा टांगत. कुठल्या देशानं धूर सोडला, कुठल्या बेटावर पाणी चढलं, कुणाच्या खाणीतली माती कुणाच्या भातात गेली, आणि या सगळ्यात वकिलानं काय करायचं? ‘सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ हा शब्द तेव्हा आमच्या जिभेवर घोटाळायचा. सर म्हणाले, “इतकं घाबरू नका. उद्याच्या पोरांच्या ताटातलं आज जेवायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.” आणि जागतिक न्याय म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते एकच प्रश्न उलटा टाकायचे, “घाण सोडलीस, बरोबर. पुढं कुणाचं दार?”

मी या वर्गानं पार बिघडले. आरशासमोर फणी हातात धरून भाषणं करायला लागले. “मिलॉर्ड, ही नदी बोलू शकत नाही, म्हणून मी बोलते!” आमची म्हैस दाराशी बांधलेली असायची, ती रवंथ थांबवून ऐकायची. दूरदेशीच्या अरण्यांची नावं मला पाठ होती, आमच्याच भागातली मलप्रभा नदी कणकुंबीला उगवते हे मात्र मला बसच्या कंडक्टरकडनं कळलं. आईनं झंपरांच्या अस्तराचा उरलेला काळा कपडा जोडून मला कोट शिवला होता. तो घालून मी जेवायलासुद्धा बसायची. एकदा आप्पा म्हणाले, “जज्जसाहेब, कोट काढा, आमटी सांडतीया.”

सरांचे दोन नियम होते. एक, वादविवाद आपल्या आईला कळेल त्या भाषेत करायचा. आईला पटवता आलं नाही तर जगाला काय पटवणार? दुसरा नियम वाईट होता. जी बाजू मागाल तिच्या उलटी मिळेल. आधी समोरच्याच्या तोंडानं बोला, मग स्वतःच्या. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. निपाणीचा रघुनाथ, तंबाखूच्या वखारवाल्यांचा, घरातल्या तपकिरीच्या धुळीमुळं कायम शिंकणारा, तो हुशार. वर्षाअखेरीच्या मूट कोर्टासाठी, म्हणजे सरावाच्या कोर्टासाठी, सरांनी खटला रचला. वर डोंगरदेश, खाली खोरेदेश, मधे नदी, आणि डोंगरदेशातल्या रंगाच्या कारखान्यानं नदी रंगवलेली. रघुनाथनं लगेच हात वर करून कारखान्याची बाजू मागितली आणि नदी पदरात पाडून घेतली. मी? मी उभी राहून, पदर सावरून, भरल्या गळ्यानं म्हटलं, “सर, मला नदीसाठी लढायचंय.” माझ्यासारख्या गुणी मुलीला नियम लागू नसेल असं मला वाटलं होतं.

“छान,” सर म्हणाले. “तू कारखाना.”

मी दोन दिवस रुसले. मग रात्रीच्या जेवणाला आप्पांसमोर विषय काढला. “आप्पा, समजा एक देश वर हाय आणि एक खाली. वरचा रंग सोडतोय. त्यानं काय म्हणायचं?”

आप्पांनी भाकरी मोडली. “म्हणायचं काय त्यात? पाणी खाली जाणार न्हाय तर काय वर जाणार? उतार काय त्यानं केलाय? उतार देवानं केलाय.”

“आणि खालच्यांचं पाणी बिघडलं तर?”

“साडी नेसताना कोण म्हणतंय का, रंग नको म्हणून? नेसायला सगळी पुढं, आणि पाणी बघून नाक मुरडायला बी तीच पुढं. आणि त्या रंगावर किती घरं जेवत्यात, ते बघ म्हणावं. पोरी शिकत्यात त्याच्यावर.” ही शेवटची ओळ माझ्या कोटाकडं बघून होती.

मला वाटलं, वा! इतका मुद्देसूद वकील घरात असताना मी ग्रंथालयात कशाला डोळे फोडते? आप्पांचे मुद्दे जसेच्या तसे घेतले, वर दोन निवाडे शिंपडले आणि तयार झाले. आपण कुणाचा मुद्दा कुणाच्या विरुद्ध मांडतोय, हा विचार मनात आला नाही. त्या वयात विचार यायला डोक्यात जागा लागते आणि माझ्या डोक्यात मीच बसले होते.

मूट कोर्टाला घरच्यांना बोलवायचं होतं. आप्पा कोट घालून आले, आई आली, आणि हिरवं इरकल नेसून, केसांत अबोली माळून गंगक्का आली. ‘आमची पोरगी कोर्टात उभारणार,’ असं तिनं वाटेत भेटेल त्याला सांगितलं असणार, कारण गल्लीतल्या आणखी चार बायका मागं होत्या. न्यायाधीश म्हणून सरांनी निवृत्त झालेले खरे जज्जसाहेब बोलावले होते, काळा झगा, चांदीच्या काड्यांचा चष्मा, सगळं अस्सल.

रघुनाथ चांगला बोलला. पण ऐन मोक्याला, “ही नदी म्हणजे...” असं म्हणून त्याला शिंक आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि नदी म्हणजे काय ते राहूनच गेलं. मी उठले. मी काय बोलले! “पाणी खाली जाणार नाही तर वर जाणार का? उतार आम्ही केला नाही, उतार देवानं केला!” टाळ्या पडल्या. मागच्या बाकावरून आप्पा मोठ्यानं “व्हय!” म्हणाले. जज्जसाहेबांनी हातोडी आपटून डोंगरदेशाच्या बाजूनं निकाल दिला. सर कोपऱ्यात उभे होते आणि खडूनं माखलेल्या बोटांनी मिशी कुरवाळत होते. मी गंगक्काकडं बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. अबोलीचा गजरा सारखा करत होती.

(तो रघुनाथ पुढं माझ्या समोर पुष्कळ खटल्यांत उभा राहिला, आणि नंतर माझ्या घरातच राहायला आला. आजोबा झाला तरी ती हार त्यानं मान्य केलेली नाही. तपकिरीवर ढकलतो.)

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी भट्टीला नेहमीपेक्षा मोठी कढई चढवली. गल्लीत ज्याला त्याला सांगत होते, “कोर्टात लागला निकाल. रंग सोडायला हरकत न्हाय.” मी म्हटलं, “आप्पा, ते खोटं कोर्ट होतं. लुटूपुटूचं.” आप्पा माझ्याकडं कीव आल्यासारखं बघत म्हणाले, “जज्ज खरा, झगा खरा, तू खरी. मग निकाल तेवढा खोटा कसा गं?” 

पण आप्पांचं सोडा. तासाभरानं गंगक्का आमच्या पुढच्या दारावरून गेली, कडेवर घागर, हातात बादली, गल्लीच्या टोकाच्या नळाकडं. भगदाडातनं नाही, रस्त्यावरनं. माझ्याकडं न बघता. मी धावत गेले. “गंगक्का, आड सोडून नळाला कुठं?”

ती थांबली. “आड आता माझा न्हाय की शक्कू. कोर्टानं सांगितलंय न्हवं.” मग घागर सारखी करत म्हणाली, “उतार देवानं केलाय. माणसानं काय करायचं?”

माझंच वाक्य. हावभावासकट. टाळ्या घेतलेलं.

त्या दिवशी दुपारी कुंपणापलीकडनं भाताचा वास आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आमच्या घरात आमटी होती, भाकरी होती, आणि मला काही गिळेना. आई रहाट फिरवत म्हणाली, “खटला जिंकून आलेल्या माणसाला भूक लागत न्हाय वाटतं.” भगदाडावर गंगक्कानं तुरीच्या वाळक्या तुऱ्हाट्या लावून वाट बंद केली होती. ते बघितलं आणि मी सायकल काढून थेट सरांचं घर गाठलं.

“सर, निकाल मागं घ्या.”

सर पाट्यावर चटणी वाटत बसले होते. इतके हसले की वरवंटा बाजूला ठेवावा लागला. “हरलेले वकील पुष्कळ येतात. जिंकलेली, निकाल मागं घ्या म्हणणारी तू पहिलीच. अपील कर.”

“कुठं?”

“जिथं पाणी आहे तिथं.”

रविवारी आमच्या परड्यात अपील भरलं. माग बंद ठेवले होते. घर इतकं शांत, की आम्ही सगळे कुणीतरी गेल्यासारखे हळू बोलत होतो. आप्पा खुशीत होते. “खालच्या कोर्टात जिंकलोय, वरच्या बी जिंकतो,” म्हणून टोपी घालून बसले. गंगक्काला आणायला मी तीनदा गेले. शेवटी तुऱ्हाट्या बाजूला सारून आली, पण कुंपणाशीच उभी राहिली. न्यायाधीश कोण यावर घोळ झाला तेव्हा सर आईकडं वळले. आई म्हणाली, “मला कांड्या भरायच्यात.” सर म्हणाले, “भरता भरता ऐका.” आणि मग त्यांनी त्यांचा वाईट नियम सांगितला. आप्पांनी गंगक्काच्या बाजूनं बोलायचं आणि गंगक्कानं आप्पांच्या.

गंगक्का आधी लाजली. मग काय झालं कुणास ठाऊक, तिनं इरकलाचा पदर कंबरेला खोचला, हात मागं बांधले आणि थेट आप्पांच्या आवाजात ओरडली, “ए पोरींनो! सुताच्या लडी वाळवा की! आभाळ आलंय, व्यापारी दारात उभा हाय, आणि ह्या बसल्यात गप्पा मारत!” आम्ही हसून लोळलो. पण ती थांबली नाही. रंग फिका झाला की व्यापारी माल कसा परत फिरवतो, राणी रंग काढणारा गल्लीत दुसरा नाही, भट्टी विझली तर हा माणूस दुपारी बसणार कुठं, हे सगळं ती सांगत गेली. “ह्येचं नाव त्या रंगावर हाय,” ती म्हणाली. “रंग गेला तर माणूस काय ऱ्हाईल?” आप्पा टोपी काढून मांडीवर ठेवून ऐकत होते. त्यांची बाजू त्यांना स्वतःला इतकी नीट मांडता आली नसती.

मग आप्पांची पाळी. त्यांनी बायकी आवाज काढला. “अय्यो, माझा आड गं, माझा आड...” कुणीतरी खुदकलं. सर म्हणाले, “असं नाही. पाणी काढा.”

आप्पा भगदाडातनं पलीकडं आडाशी गेले. बादली सोडली, ओढली, आणि उन्हात धरली. आणि त्यांचा चेहरा उजळला! “आगं, ह्यो तर परवाचा लॉट! बघा कसा उतरलाय! हितं, मातीतनं झिरपून बी रंग हटलेला न्हाय...” रंगारी माणूस, आपली छटा ओळखून हरखला होता. बादली सगळ्यांपुढं फिरली, आईपुढं, सरांपुढं. शेवटी गंगक्काच्या समोर आली, आणि तिथं थांबली. आप्पा बादलीत बघत राहिले. मग अगदी हळू, स्वतःच्याच आवाजात म्हणाले, “गंगक्का, ह्यात तू भात शिजवतीस?”

“व्हय,” गंगक्का म्हणाली. “तुमची पोरगी बी खातीया.”

आप्पांनी बादली खाली ठेवली. मग आप्पा एकदम कामाला लागल्यासारखे म्हणाले, “नळ घालतो. इथनं थेट मागच्या ओढ्यात सोडतो.”

“ओढ्याच्या पुढं कुणाचं दार?” सर.

“माझ्या भैणीचा मळा,” गंगक्का.

“मग त्याच्या बी पुढं नेतो.”

आईनं रहाट फिरवतच सांगितलं, “त्याच्या पुढं माझं माहेर हाय.”

हसणं थांबेना. सरांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं वळून म्हणाले, “शकुंतला, जगाचा नकाशा टांगायची गरजच नव्हती गं.” मी कोट घालून बसले होते. उन्हानं त्याचं अस्तर पाठीला चिकटलं होतं. मला काही बोलायला कुणी सांगितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी आपणहून बोलले नाही.

आईनं रहाट थांबवला तेव्हा सगळे गप्प झाले. “भट्टी उद्यापासनं पेटायची न्हाय,” ती म्हणाली. “सूत रंगवलेलं आणायचं. माग चालतील. भात पांढरा व्हायला पायजे.” आणि रहाट परत फिरू लागला. ते अपील तिथंच संपलं.

आप्पा महिनाभर सगळ्यांवर चिडचिडत होते. आणलेल्या सुताचा राणी रंग त्यांना बघवायचा नाही. “ह्याला राणी म्हणायचं? दासी बी न्हाय शोभत.” बायका साडी बघून म्हणायच्या, पूर्वीची बात नाही, आणि ते ऐकून आप्पा आत निघून जायचे. त्यांची नखं हळूहळू स्वच्छ झाली, आणि पाहुण्यांसमोर ते हात मांडीखाली घेऊन बसायला लागले. ते मला बघवायचं नाही. आडही लगेच निवळला नाही. एक अख्खा पावसाळा गेला, आड दोनदा उपसला, त्यात उपसायला आप्पा स्वतः उतरले. मग एक दिवस भगदाडातनं झाकलेलं ताट आलं. आप्पांनी झाकण काढलं. वाफ, वास, आणि शुभ्र भात. त्यांनी घास घेतला, बराच वेळ चावला आणि कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “गंगक्का! चव हाय, पर कायतरी कमी वाटतंय बघ!” पलीकडनं भांडं आपटल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला.

आता मीच शनिवारचा वर्ग घेते, आमच्या ओसरीवर. तरुण वकील येतात, त्यांच्या तोंडी कार्बन आणि समुद्र असतात, त्यांचे कोट माझ्या कोटापेक्षा चांगले शिवलेले असतात. मी सरांचे दोन्ही नियम जसेच्या तसे ठेवलेत. ही गोष्ट मी त्यांना दरवर्षी सांगते, आईच्या निकालाशी थांबते, आणि ते टाळ्या वाजवतात. यंदा माझी नात मुक्ताही वर्गात होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत. चष्मा वर सारून म्हणाली, “आज्जी, ते रंगवलेलं सूत कुठनं यायचं?”

“बाहेरगावाहून. व्यापारी आणायचा.”

“तिथं भट्टी कुणाच्या परड्यात होती?”

ओसरीवरची सगळी तरुण मंडळी माझ्याकडं बघत होती. आत रघुनाथला मोठ्यानं शिंक आली, ती मला त्या दिवशी खोटी वाटली. मी म्हटलं, “अपील कर.”

“कुठं?”

“जिथं पाणी आहे तिथं.”

गावाचं नाव मी सांगितलं, व्यापाऱ्याच्या नातवाचा पत्ता तिनं शोधला, आणि वर्गातल्या दोन मुलींना घेऊन ती पहाटेच्या बसनं गेली. मी दिवसभर कामात मन लावलं. भात लावला, दोनदा. संध्याकाळी फोन आला. मागं गाड्यांचा आवाज, आणि त्याहूनही मागं, मला वाटतं, खटाक्-खट.

“आज्जी, पोचलो. इथलं गटार निळं आहे.”

माझ्या तोंडून आपोआप निघालं, “पुढं कुणाचं दार?”

“तेच बघायला गटाराच्या कडेनं चाललोय,” ती ओरडून म्हणाली. “चपला हातात घेतल्यात.”